टोपेका ते माँटगमेरी : शाळेमागच्या गल्लीचा इतिहास

शुक्रवार : लॉरेन्स, टोपेका

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि माझ्या भाचीने, मृणालने, ठरल्याप्रमाणे गाडी काढली. मागच्या सीटवर तिचा मुलगा ईशान, नुकतीच सातवी झालेला. मी बरीच वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला आहे. अमेरिकेत आल्यावर मला एकच गोष्ट पाहायची होती. ज्या गावात काळ्या माणसांवर अन्याय झाला, त्या गावातल्या शाळा तो आपल्या मुलांना कसा सांगतात? लिंकन आणि मार्टिन ल्यूथर किंग सगळेच शिकवतात. शाळेमागच्या गल्लीत काय घडलं ते कोण शिकवतं?

ईशानला यंदा कॅन्सस राज्याचा इतिहास होता. तो राहतो त्या लॉरेन्सबद्दल त्याला पुष्कळ ठाऊक आहे. गुलामगिरी नको म्हणणाऱ्या लोकांनी हे गाव वसवलं. १८६३ च्या ऑगस्टमध्ये गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या क्वान्ट्रिलच्या टोळीने ते जाळलं आणि दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले. त्याने त्यावर प्रकल्प केला होता आणि त्याला उत्तम शेरा मिळाला होता. टोपेका येईपर्यंत तो आम्हाला कोणती टोळी कुठल्या रस्त्याने आली ते सांगत होता. चांगलं शिकवलंय, असं मी मृणालला म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

टोपेकात मन्रो नावाची शाळा आहे. दोन मजली, विटांची, १९२६ ची इमारत. पूर्वी ही काळ्या मुलांची प्राथमिक शाळा होती. आता राष्ट्रीय स्मारक आहे. 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यातला ब्राऊन इथला. रेल्वेत वेल्डरचं काम करणारा ऑलिव्हर ब्राऊन. त्याच्या घरापासून सात चौकांवर समनर ही गोऱ्या मुलांची शाळा होती. पण त्याच्या मुलीला, लिंडाला, रुळांच्या बाजूने चालत बसथांबा गाठावा लागे आणि मैलभर लांबच्या मन्रोला यावं लागे. टोपेकातून तेरा पालक कोर्टात गेले. त्यांतला ऑलिव्हर एकटाच पुरुष, बाकी बारा जणी आया. त्या बारा जणींची नावं किती पाठ्यपुस्तकांत असतील, हा प्रश्न मला दिवसभर सतावत राहिला. दक्षिण कॅरोलिना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन इथले खटलेही याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात होते. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला: वंशावरून वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत.

हे ईशानला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते असं, की ज्या कॅन्ससचा त्याला अभिमान आहे त्याच कॅन्ससने १८७९ साली कायदा करून मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवायची मुभा दिली होती. मला सनावळ्या शेजारी शेजारी मांडायची सवय आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं होतं. त्यानंतर सहाच वर्षांत हा कायदा आला. मी हे सांगितल्यावर ईशान म्हणाला, "आजी, मग त्या फुल्यांना हे कळलं होतं का?" मृणालने गाडीच्या किल्ल्या पर्समध्ये टाकता टाकता माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असेल का, ते मी सांगू शकले नाही.

मन्रोच्या वर्गांतून फिरताना एक गोष्ट माझ्या शिक्षकी मनाला लागली. ही शाळा वाईट नव्हती. इमारत धड होती, शिक्षक शिकलेले आणि मुलांवर जीव लावणारे होते. सोयी जवळजवळ सारख्या आहेत, असं खालच्या कोर्टानेही मान्य केलं होतं. भांडण इमारतीचं नव्हतंच. तुला त्या दारातून आत येता येणार नाही, असं एका मुलीला सांगणं हाच अन्याय होता. आणि निकाल लागायच्याही आधी, १९५३ च्या मार्चमध्ये, टोपेकाच्या शिक्षणाधिकाऱ्याने काही काळ्या शिक्षिकांना पत्रं धाडली: शाळा एकत्र झाल्या तर गोऱ्या मुलांसाठी काळे शिक्षक ठेवणं लोकांना पसंत पडणार नाही, म्हणून तुमचा करार वाढवत नाही. पुढे दक्षिणेत हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक असेच घरी बसले. शाळा एकत्र झाल्या हे चांगलंच झालं. पण ज्यांना मोहल्ल्याचा इतिहास तोंडपाठ होता ती माणसं वर्गाबाहेर गेली. मी पुढच्या सगळ्या गावांत हे पत्र मनात धरून फिरले.

शनिवार : टल्सा

पंचाहत्तर नंबरचा हायवे टोपेकातून सरळ दक्षिणेला ओक्लाहोमात उतरतो. चार तास गवताचे माळ. लिहिण्यासारखं काही नाही.

टल्साचा ग्रीनवुड हा भाग १९२१ पर्यंत काळ्या लोकांची भरभराटीची पेठ होती. डॉक्टर, वकील, हॉटेलं, दोन वर्तमानपत्रं, थिएटर. एका लिफ्टमध्ये डिक रोलंड नावाच्या काळ्या पोराचा लिफ्ट चालवणाऱ्या गोऱ्या मुलीला धक्का लागला की काय झालं, यावरून अफवा उठली. त्यात स्थानिक दैनिकाने भडक बातमी छापली. ३१ मे च्या रात्री आणि १ जूनच्या सकाळी गोऱ्यांच्या झुंडीने पस्तीस चौक जाळून टाकले. मेलेल्यांचा अंदाज शंभर ते तीनशे. बाराशेच्या वर घरं गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर आली. हजारोंना सभागृहात आणि मैदानांत डांबून ठेवलं आणि कुणी गोरा मालक येऊन 'हा माझा माणूस' म्हणेल तेव्हाच सोडलं. विमा कंपन्यांनी पैसे दिले नाहीत. एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही.

ग्रीनवुड ॲव्हेन्यूच्या फुटपाथवर छोट्या धातूच्या पाट्या बसवल्या आहेत. त्यावर दुकानाचं नाव, नष्ट झाल्याचं साल, आणि ते पुन्हा उघडलं की नाही. आम्ही मान खाली घालून चालत होतो. शिंपी, दाढीचं दुकान, वकिलाची कचेरी. डोक्यावरून हायवेचा पूल जातो. साठ-सत्तरच्या दशकांत तो याच पेठेतून काढला. १९२१ नंतर लोकांनी स्वतःच्या हिमतीने परत बांधलेली पेठ या रस्त्याने दुसऱ्यांदा मोडली. गेल्या आठवड्यातच स्मरणदिन झाला होता. काही पाट्यांपाशी अजून सुकलेली फुलं होती.

आता शाळेची गोष्ट. ही मला इथे येण्याआधीपासून ठाऊक होती, आणि ती गोष्ट घडली त्या शहरात ईशानला सांगायची म्हणूनच टल्सा आमच्या वाटेवर घेतलं होतं.

डब्ल्यू. डी. विल्यम्स हा १९२१ साली बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कुलातला विद्यार्थी. त्याच्या आईवडिलांचं ड्रीमलँड थिएटर जळालं. मोठेपणी तो त्याच शाळेत इतिहासाचा शिक्षक झाला. पन्नाशीच्या दशकात एकदा त्याने वर्गात सांगितलं की त्या रात्री आमचा शाळा संपल्याचा समारंभ रद्द झाला, कारण गाव जळत होतं. पंधराएक वर्षांचा डॉन रॉस नावाचा विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, असं काही झालेलंच नाही. ज्याचं घरदार त्याच गावात, तो मुलगा हे म्हणाला. गोऱ्या शाळांच्या पुस्तकांत त्या दिवसाबद्दल एक ओळ नव्हती आणि काळ्या घरांतही मोठी माणसं भीतीने बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी विल्यम्सने त्याला थांबवून घेतलं आणि फोटोंचा जाड अल्बम समोर ठेवला. जळलेली घरं, ट्रकमध्ये टाकलेली प्रेतं.

तो डॉन रॉस पुढे आमदार झाला, आणि त्याच्या पुढाकाराने १९९७ साली राज्याने चौकशी आयोग नेमला. २००१ मध्ये अहवाल आला. २००२ पासून हे हत्याकांड ओक्लाहोमाच्या अभ्यासक्रमात आहे. घटनेला तेव्हा ऐंशीच्या वर वर्षं झाली होती. एका शिक्षकाने एका उद्धट वाटणाऱ्या प्रश्नावर मुलाला हाकलून दिलं नाही, दुसऱ्या दिवशी पुरावा आणला. राज्याच्या अभ्यासक्रमाचं मूळ त्या अल्बममध्ये आहे असं मी मानते.

ईशानने विचारलं, "पण त्या पोराला आधी कसं माहीत नव्हतं?" त्यावर मृणालने मला बोलू दिलं नाही, स्वतःच म्हणाली, "तुला तरी तुझ्या गावाचं सगळं माहीत आहे का?" तो म्हणाला, हो, आहे.

रविवार : टल्सा

सकाळी व्हर्नन चर्चपाशी गेलो. १९२१ मध्ये चर्च जळालं, तळघर तेवढं वाचलं. लोकांनी त्याच तळघरावर परत चर्च उभारलं. प्रार्थनेला येणाऱ्या बायका टोप्या घालून, सणासारख्या नटून येत होत्या. एकीने ईशानचं नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, आणि 'तळघर बघून जा' म्हणून त्याला दंडाला धरून आत घेऊन गेली.

दुपारी २०२१ साली उघडलेल्या 'ग्रीनवुड रायझिंग' या म्युझियममध्ये एका नववीच्या इतिहास शिक्षिकेशी गप्पा झाल्या. त्या सुट्टीत मुद्दाम पुढच्या वर्षाची तयारी करायला आल्या होत्या. मे २०२१ मध्ये, हत्याकांडाला शंभर वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे असताना, ओक्लाहोमात एक कायदा झाला. त्यात म्हटलंय की आपल्या वंशामुळे वा लिंगामुळे कुणी अपराधी किंवा अस्वस्थ वाटून घेतलं पाहिजे असं शिकवायचं नाही. हत्याकांड अभ्यासक्रमात आहेच, ते शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. तसं त्यात लिहिलेलंही आहे. पण कायदा झाल्यावर एक पालक, एक तक्रार, एवढ्याने शिक्षक अडचणीत येऊ शकतो, आणि ते ओझं वर्गात शिरताना डोक्यावर असतं. मी नोकरीत असताना असं ओझं वाहिलेलं आहे. माणूस धडा गाळत नाही. तो धडा लवकर उरकतो.

त्या बाई मात्र उरकत नव्हत्या. त्यांची पद्धत मला फार आवडली. भडक बातमी छापणाऱ्या त्या स्थानिक दैनिकाचे जुने अंक मायक्रोफिल्मवर चढवायच्या आधी कुणीतरी ३१ मे १९२१ च्या पहिल्या पानावरची ती बातमी फाडून काढली होती, आणि अग्रलेखाच्या पानाचाही तुकडा. त्या मुलांच्या हातात भोक असलेल्या त्या पानाची प्रत देतात आणि स्वतः काही बोलत नाहीत. इथे काय होतं, कुणी फाडलं, का फाडलं, हे प्रश्न मुलंच विचारतात. मग जनगणनेच्या याद्या, विम्याचे दावे, रेडक्रॉसचे अहवाल. वाईट वाटून घ्या असं त्या कुणाला सांगत नाहीत. मुलांना जे वाटायचं ते कागद वाचून वाटतं. मी वहीत हे सगळं उतरवून घेतलं, तारखेसकट.

ओकलॉन स्मशानभूमीत २०२० पासून बेवारस पुरलेल्यांचा शोध चालू आहे. २०२४ मध्ये पहिल्यांदा एकाची ओळख पटली: सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेला तरुण. त्याच्या आईच्या वकिलाने १९३६ मध्ये सरकारला लिहिलेलं पत्र कागदपत्रांत सापडलं. म्हणजे हा धडा अजून लिहून संपलेला नाही. नववीच्या मुलांना दरवर्षी त्यात नवं वाक्य मिळेल.

सोमवार : लिटल रॉक

संध्याकाळी आर्कान्सॉ राज्याच्या या राजधानीत पोचलो आणि आधी सेंट्रल हायस्कूलपुढे उभे राहिलो. फोटोंवरून वाटतं त्याहून कितीतरी मोठी शाळा. आणि ही चालू शाळा आहे. सुट्टी नसती तर कितीतरी मुलं या पायऱ्यांवरून उतरताना दिसली असती. गोऱ्यांच्या या शाळेत पहिल्यांदाच प्रवेश मिळालेल्या नऊ काळ्या मुलांपैकी एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी ४ सप्टेंबर १९५७ ला इथे एकटी आली. घरी फोन नव्हता, त्यामुळे बाकी आठ जणांनी एकत्र यायचं ठरवल्याचा निरोप तिला मिळाला नाही. गव्हर्नर फॉबसच्या सैनिकांनी तिला अडवलं, मागे जमाव ओरडत होता. ती रस्त्याच्या टोकाला बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. शेवटी अध्यक्ष आयझेनहॉवरनी हवाई तुकडीचे जवान पाठवले तेव्हा नऊ मुलं वर्गात पोचली.

त्या कोपऱ्यावर आज तसाच एक बाक आहे. तो बसवायच्या कामात याच शाळेची मुलं पुढे होती. ईशान त्यावर बसला नाही. उभ्यानेच त्यावरचा मजकूर वाचला.

मंगळवार : लिटल रॉक, हेलेना, एलेन

सकाळी रस्त्यापलीकडच्या स्मारक केंद्रात. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते १९५८-५९ या वर्षापाशी. निकाल पाळायला नको म्हणून फॉबसने गावातली चारही सरकारी हायस्कुलं वर्षभर बंद ठेवली. साडेतीन हजारांवर मुलं घरी. शिक्षकांचे करार होते म्हणून ते रोज रिकाम्या वर्गांत येऊन बसत. फुटबॉलचे सामने मात्र ठरल्याप्रमाणे झाले. वर्ष सरता सरता ४४ शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना काढून टाकायचा डाव झाला, तेव्हा गावातल्या बायका आणि व्यापारी उठले, आणि फेरमतदानात डाव रचणारे बोर्डाचे सदस्य घरी गेले. मला वाटतं, लिटल रॉकच्या गोष्टीत नऊ मुलांइतकंच या शिक्षकांचं पान मोठ्या अक्षरात हवं.

सेंट्रलच्या मुलांचा 'मेमरी प्रोजेक्ट' मला इथे कळला. नववीची मुलं घरातल्या, ओळखीतल्या थोराला गाठतात, त्या काळी तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत हे विचारतात आणि लिहून काढतात. या मुलाखतींमधून सगळेच चांगले निघत नाहीत. जमावात उभा असलेला आजोबाही कुणाचा तरी आजोबा असतो. आपल्या आजोबाला हा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि तो धीर शाळेने द्यायचा असतो. यापेक्षा मोठी गृहपाठाची कल्पना मला माझ्या नोकरीत कधी सुचली नव्हती.

याच शाळेत २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वर्ग भरायच्या तोंडावर, राज्याच्या शिक्षण खात्याने कळवलं की आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा प्रगत वर्ग हायस्कूल पूर्ण करायला लागणाऱ्या गुणांत धरला जाणार नाही. राज्यातल्या सहा शाळांनी तरीही वर्ग चालू ठेवला. त्यात सेंट्रल होतं.

दुपारी मिसिसिपी नदीकाठच्या हेलेनाला. सपाट शेतं आणि प्रचंड उकाडा. इथून दक्षिणेला एलेन. १९१९ मध्ये कापसाला रास्त भाव मागणाऱ्या काळ्या कुळांनी संघटना काढली. ३० सप्टेंबरच्या रात्री हूप स्परच्या चर्चमध्ये बैठक चालू असताना गोळीबार झाला, आणि मग गोऱ्या टोळ्या आणि फौज कित्येक दिवस शेतांतून माणसं मारत फिरली. पाच गोरे मेले. काळे किती मेले याचा आकडा आजही ठरत नाही. दोनशेच्या वर असावेत असं बरेच जण मानतात. खटले मात्र काळ्यांवरच चालले. बारा जणांना फाशी ठोठावली. जूरी काही मिनिटांत निकाल घेऊन बाहेर आली. स्किपियो जोन्स या काळ्या वकिलाने लढून १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून दाद मिळवली आणि बाराही जण वाचले.

हेलेनात कोर्टासमोर २०१९ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. एलेनमध्ये त्याच वर्षी आठवण म्हणून लावलेलं झाड कुणीतरी ऑगस्टमध्ये तोडून टाकलं. गावात बघायला काही नव्हतं असं मी लिहिणार नाही. रिकामे रस्ते, बंद दुकानं, आणि दाराशी बसलेली दोन म्हातारी माणसं, त्यांनी हात वर करून आम्हाला रामराम केल्यासारखं केलं. एलेनचा शाळा विभाग २००६ मध्ये मार्व्हेलच्या विभागात विलीन झाला. मृणाल गाडी चालवता चालवता म्हणाली, "मावशी, टल्साला म्युझियम, लिटल रॉकला सरकारी केंद्र, इथे शाळाच नाही. मग इथल्या मुलांना कोण सांगणार?" तिने नेमका मुद्दा धरला. ज्या गावात मेले तेही गरीब आणि उरले तेही गरीब, तिथला इतिहास गावासोबतच खंगत जातो. स्किपियो जोन्सच्या नावाचं काळ्या मुलांचं हायस्कूल नॉर्थ लिटल रॉकमध्ये होतं. शाळा एकत्र करताना १९७० मध्ये तेही बंद झालं. जिथे रोज त्याचं नाव घेतलं जायचं ती जागाच गेली.

बुधवार : बर्मिंगहॅम

दिवसभर गाडी. अलाबामा राज्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. केली इंग्रम पार्कमध्ये अंगावर झेपावणाऱ्या कुत्र्यांची शिल्पं आहेत. मधल्या वाटेवरून गेलं की दोन्ही बाजूंनी ती आपल्यावर येतात. २ मे १९६३ ला शाळकरी मुलं वर्ग सोडून वंशभेदाविरुद्धच्या मोर्च्यासाठी या बागेकडे निघाली. पार्कर हायस्कूलची मुलं कुंपणावरून उड्या टाकून आली. दुसऱ्या दिवशी शहराच्या पोलीस खात्याचा प्रमुख बुल कॉनर याने त्यांच्यावर पाण्याचे बंब आणि कुत्री सोडली. हजारावर मुलांची नावं शिक्षण मंडळाने शाळेतून कमी केली. दोनच दिवसांत वरच्या कोर्टाने तो हुकूम रद्द केला.

ईशानला मी इथे काहीच शिकवलं नाही. तो स्वतःच्या वयाची मुलं तुरुंगाच्या गजांमागे दाखवणाऱ्या शिल्पापाशी गेला, आणि त्याचा पहिला प्रश्न होता की या मुलांचे शिक्षक काय म्हणाले असतील. काहींनी मुलांकडे पाठ केली आणि फळ्यावर लिहीत राहिले, जाणाऱ्यांना जाता यावं म्हणून, अशी आठवण त्या मोर्च्यातली माणसं सांगतात. बागेच्या कोपऱ्यावर सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला तिथे बॉम्ब फुटून चार मुली गेल्या: ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, डेनिस मॅकनेअर. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. रविवारच्या धर्मशाळेच्या वेळी.

गुरुवार : माँटगमेरी

माँटगमेरीत बस म्हटलं की रोझा पार्क्स. त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमधल्या जागेवरून गोऱ्यांसाठी उठली नव्हती. तिने पुढे सांगितलं आहे की तेव्हा शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास चालू होता, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रूथ दोन्ही खांद्यांवर हात ठेवून आपल्याला बसवून धरताहेत असं तिला वाटलं. कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला इतिहास सप्ताह काळ्या शाळांतले शिक्षक फेब्रुवारीत मनापासून पाळत. क्लॉडेटच्याच त्या पन्नाशीच्या दशकात अलाबामाच्या चौथीच्या सरकारी पाठ्यपुस्तकात मुलांना सांगितलं जाई की तुम्ही मळेवाल्याच्या हवेलीत राहता असं समजा, किती सुखाचे दिवस ते. एकाच शहरात दोन इतिहास शिकवले जात होते. एका वर्गातून क्लॉडेट बाहेर आली. मला तिच्या शिक्षिकांना भेटायला आवडलं असतं.

दुपारी टेकडीवरचं स्मारक. २०१८ मध्ये 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने उभारलं. झुंडीने फासावर लटकवलेल्या, जाळलेल्या चार हजारांवर काळ्या माणसांची नावं आठशेच्या वर गंजल्या रंगाच्या पोलादी खांबांवर कोरली आहेत. एक खांब म्हणजे एक काउंटी, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. सुरुवातीला खांब डोळ्यांसमोर असतात, पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले राहतात. बाहेर त्याच खांबांच्या प्रती आडव्या ठेवल्या आहेत. आपापल्या काउंटीने येऊन आपला खांब न्यावा ही अपेक्षा. गावं पुढे आली तर संस्था जागेवर फलक लावायला मदत करते आणि त्या गावच्या हायस्कूलच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा घेते. मला ही निबंधाची गोष्ट खांबांपेक्षा कमी वाटली नाही. सोळा वर्षांचं पोर आपल्या काउंटीचं नाव घेऊन चार पानं लिहितं, त्यासाठी कोर्टाचे कागद उघडतं, शंभर वर्षांची वर्तमानपत्रं चाळतं. ते पोर पुढे गावच्या शिक्षण मंडळावर बसेल.

ईशान आधी म्हणत होता की कॅन्ससमध्ये असलं काही नव्हतं. मृणालने त्याला फोन दिला आणि म्हणाली, "शोध." सावलीत बसून तो बराच वेळ शोधत होता. १० जून १८८२. लॉरेन्सच्या नदीवरच्या पुलावरून झुंडीने तिघांना फासावर लटकवलं: पीट व्हिनेगर, जॉर्ज रॉबर्टसन, आयझॅक किंग. त्यांच्या नावाचा फलकही अलीकडे त्याच्या गावात लागला आहे. शनिवारी बाजाराला जाताना त्याची आई नदीकडच्या त्याच भागात गाडी लावते.

त्याला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं. क्वान्ट्रिलवर त्याने दहा पानं लिहिली होती. मी त्याला सांगितलं की तुझ्या सरांनी क्वान्ट्रिल चांगला शिकवला म्हणून तर तुला तारखा आणि कागद शोधता येतात. आता त्यांनाच विचार. मग हॉटेलवर बसून त्याने सरांना मेल लिहिली. १८८२ ची गावची वर्तमानपत्रं कुठे मिळतील, त्या तिघांवर खटला चालला होता का, त्यांच्या घरचे लोक नंतर गावात राहिले का, आणि झुंडीतल्या कुणाची नावं कागदांत आहेत का. मृणालने स्पेलिंगच्या चुका काढल्या. मी एवढंच सुचवलं की तिघांची नावं पूर्ण लिही, नुसतं 'तीन माणसं' नको. त्याने ती लिहिली, वर विषयाच्या ओळीत घातलं, 'आठवीत आपला वर्ग पुलापर्यंत चालत जाऊ शकतो का?' आणि मेल पाठवून दिली.